नव्वद दिवसांनंतरचे औषध

ऑगस्टच्या सत्रासाठी परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या सामानात थायरॉईडच्या गोळ्या असतात, दम्याचा पंप असतो, इन्सुलिनची पेने असतात. फिट्सची, नैराश्याची, चित्त स्थिर न राहण्याच्या त्रासाची औषधे असतात. घरच्यांचे प्रश्न ठरलेले असतात. किती नेता येतील? विमानतळावर अडवतील का? संपल्यावर इथून पाठवता येतील का? उत्तरे मात्र ज्याला विचारावे त्याप्रमाणे बदलतात. प्रवेशाचे काम पाहणारा सल्लागार एक सांगतो, आधी गेलेला मित्र दुसरे आणि कोपऱ्यावरचा औषध दुकानदार तिसरेच. एकट्या अमेरिकेत २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांत रोज औषध घेणारी मुले थोडीथोडकी नसणार.

या प्रश्नावर कायदा काय म्हणतो, डॉक्टर, सरकारे, विद्यापीठे आणि पालक यांच्या भूमिका काय आहेत आणि घोडे कुठे अडले आहे, हे या लेखात क्रमाने पाहू. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. औषधे सोबत नेण्याविषयीचे जवळजवळ सगळे नियम प्रवाशाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. प्रवासी येतो, महिना-दोन महिने राहतो आणि परत जातो. विद्यार्थी दोन-चार वर्षे राहतो. पहिल्या दिवशी तो प्रवासी असतो आणि वर्षभराने तिथला रहिवासी, पण या दोहोंमधल्या काळाची जबाबदारी कुठल्याच नियमाने घेतलेली नाही. म्हणून विमानतळाची भीती वाजवीपेक्षा जास्त बाळगली जाते आणि चौथ्या महिन्यातली अडचण कोणाला आधी दिसत नाही.

नियम कुठून आले

आनंदीबाई जोशी कोलकात्यात आजारी होत्या तेव्हा त्यांच्या अमेरिकी स्नेही थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांच्यासाठी अमेरिकेहून औषधे पाठवली होती. १८८३ साली आनंदीबाई स्वतःच तिकडे वैद्यकशास्त्र शिकायला गेल्या. तेव्हा औषधांवर आंतरराष्ट्रीय नियम नव्हते; अफूवरचा पहिला आंतरराष्ट्रीय करार त्यानंतर जवळपास तीन दशकांनी, १९१२ साली हेग येथे झाला. आजची चौकट त्याहून नवी आहे. १९६१ च्या करारात अफूजन्य आणि तत्सम द्रव्ये आली, १९७१ च्या करारात मनावर परिणाम करणारी. दोन्ही करारांच्या अंमलबजावणीवर व्हिएन्नातले आंतरराष्ट्रीय मादक द्रव्य नियंत्रण मंडळ देखरेख करते.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने १९७१ चा करार अधिक महत्त्वाचा. चित्त स्थिर न राहण्याच्या त्रासावर, म्हणजे एडीएचडीवर, दिले जाणारे मिथाइलफेनिडेट त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही झोपेची, घबराटीची आणि काही वेळा फिट्सचीही औषधे १९८४ साली चौथ्या अनुसूचीत घेण्यात आली. याच कराराच्या चौथ्या कलमानुसार प्रवाशाला स्वतःच्या वापरापुरते थोडे औषध बाळगू देण्याची मुभा देशांना आहे. मात्र ते कायदेशीर मार्गाने मिळवले आहे याची खात्री करण्याचा हक्कही त्यांच्याकडे आहे. ‘थोडे’ म्हणजे किती, हे करारात कुठेही लिहिलेले नाही. आजचा बहुतेक गोंधळ तिथून सुरू होतो.

तो कमी करण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. २००१ ते २००३ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या मादक द्रव्य आयोगाने या विषयावर ठराव केले आणि त्यांतून प्रवासी रुग्णांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. नियंत्रित औषध साधारण तीस दिवसांपुरते न्यावे, सोबत ठरावीक नमुन्याचे प्रमाणपत्र असावे आणि प्रत्येक देशाने आपले नियम मंडळाला कळवावेत, अशी कल्पना होती. देशोदेशीचे नियम मंडळ प्रसिद्धही करते. पण तत्त्वे बंधनकारक नसल्याने देशांनी ती आपापल्या सोयीने घेतली.

इथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. हे करार फक्त नियंत्रित औषधांना लागू आहेत. थायरॉक्सिन, मेटफॉर्मिन, रक्तदाबाच्या गोळ्या, नैराश्यावरची सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राम ही औषधे त्यांत येत नाहीत. त्यांना त्या त्या देशाचा औषध-आयातीचा साधा नियम लागतो. आपल्याकडे भीती उलट्या जागी असते. मानसिक आजाराची गोळी म्हणून सर्ट्रालिनची धास्ती घेतली जाते, आणि दुखण्यावरच्या ट्रामाडॉलची पट्टी किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध बिनधास्त बॅगेत जाते.

देशोदेशी आज काय आहे

आपली मुले मोठ्या संख्येने जातात त्या देशांत साध्या औषधांचा नियम बराचसा सारखा आहे. ऑस्ट्रेलिया तीन महिन्यांचे औषध नेऊ देते. सोबत प्रिस्क्रिप्शन किंवा डॉक्टरांचे पत्र हवे आणि आगमनाच्या कार्डावर औषधाचा उल्लेख हवा. कॅनडात ९० दिवसांचा किंवा उपचाराच्या एका पूर्ण क्रमाचा साठा चालतो, यांतला जो कमी असेल तो. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याचा सर्वसाधारण सल्लाही ९० दिवसांचाच आहे. न्यूझीलंड साध्या औषधांना तीन महिने देते, नियंत्रित औषधांना एकच महिना. ब्रिटनमध्ये नियंत्रित औषधही तीन महिन्यांपेक्षा कमी असेल तर वेगळा परवाना लागत नाही. डॉक्टरांच्या पत्रात नाव, प्रवासाच्या तारखा, औषध, ताकद आणि मात्रा असली म्हणजे पुरते. जर्मनी साधारण तीन महिन्यांच्या वैयक्तिक गरजेपुरती औषधे आणू देते. अमली औषधांच्या यादीतली असतील तर मात्र तीस दिवसच, आणि तेही साक्षांकित प्रमाणपत्रासह.

जपानची गोष्ट वेगळी. तिथे महिन्याभरापेक्षा जास्त प्रिस्क्रिप्शनचे औषध न्यायचे तर आधी आयातीची मंजुरी घ्यावी लागते. मिथाइलफेनिडेट एकूण २.१६ ग्रॅमपर्यंत, म्हणजे १८ मिलिग्रॅमच्या १२० गोळ्यांपर्यंत चालते. एडीएचडीवरचेच दुसरे औषध ॲम्फेटामिन मात्र कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीवर नेता येत नाही. युद्धोत्तर काळातल्या व्यसनाच्या लाटेनंतर १९५१ साली आलेल्या कायद्याने ते बंद केले आहे. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त आहे त्याही चालत नाहीत. जपानी कायदा मोठ्या माणसांनाही सोडत नाही. २०१५ साली टोयोटाच्या एका अमेरिकी वरिष्ठ अधिकाऱ्याला अमेरिकेहून पार्सलने आलेल्या ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या गोळ्यांवरून अटक झाली. पुढे खटला भरला गेला नाही, पण पद सोडावे लागले.

आखातात आणि इजिप्तमध्ये ट्रामाडॉल, कोडीन या औषधांकडे अत्यंत कडकपणे पाहिले जाते. २०१७ साली एका ब्रिटिश महिलेकडे हुरघाडा विमानतळावर ट्रामाडॉलच्या सुमारे तीनशे गोळ्या सापडल्या आणि तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांसाठी आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, आणि तिथे आपल्या स्वयंपाकघरातली खसखससुद्धा निषिद्ध आहे. शिकायला चाललेल्या देशाचाच विचार केला जातो, वाटेतल्या देशाचा राहून जातो. दुबई किंवा दोहाला विमान बदलताना सामान तपासले जाऊ शकते, आणि विमान चुकले तर देशात प्रवेश करून रात्र काढावी लागते. त्या वेळी लागू होतो तो तिथला कायदा.

आपल्या बाजूची अडचण

बहुतेक देशांचा एक नियम सारखा आहे: औषध मूळ वेष्टनात असावे आणि त्यावर रुग्णाचे नाव असावे. हा नियम ज्यांच्याकडे औषध दुकानदार बाटलीवर नाव, मात्रा आणि डॉक्टर छापलेले लेबल लावून देतो त्यांच्यासाठी सोपा आहे. आपल्याकडे मेडिकलमधून मिळते ती पट्टी, कागदी पाकिटात. दहाऐवजी सहा गोळ्या हव्या असतील तर कात्रीने कापलेली. आणि ज्या टोकाला औषधाचे नाव किंवा मुदतीची तारीख असते ते टोक नेमके दुकानातच राहते. वेष्टनावर रुग्णाचे नाव येण्याची पद्धतच नाही. म्हणून भारतीय विद्यार्थ्याची सगळी भिस्त कागदांवर असते: अखंड पट्ट्या खोक्यासकट, रुग्णाचे नाव असलेले छापील बिल, प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांचे इंग्रजीतले पत्र.

प्रिस्क्रिप्शनची स्थिती वाचकांना ठाऊक आहे. औषधाचे मूळ नाव लिहावे, सुवाच्य अक्षरांत लिहावे, असे वैद्यक परिषदेने २०१६ साली नियमात घातले. तरी ब्रँडचे नाव आणि शेजारी ‘१-०-१’ एवढ्यावर भागवले जाते. ब्रँडचे नाव परदेशातल्या फार्मासिस्टला काहीच सांगत नाही. मूळ नावेही सगळीकडे एक नाहीत; आपल्या पंपातले साल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणून मिळते. पत्रात आजार, मूळ नाव, ताकद, मात्रा, किती काळापासून चालू आहे आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक एवढे आले तर ते विमानतळावरही उपयोगी पडते आणि तिथल्या पहिल्या डॉक्टरपुढेही. दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा, असे माझे मत आहे. विमानतळावर ते कदाचित कोणी मागणारही नाही. डॉक्टर मात्र मागणारच.

काही औषधे तर तिकडे नसतातच. आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी निमेसुलाइड ही वेदनाशामक गोळी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये वापरात नाही. एका गोळीत दोन-तीन द्रव्ये असलेली आपली अनेक मिश्रणे तिथल्या बाजारात नाहीत. २०१६ साली आपल्याच सरकारने अशा ३४४ मिश्रणांवर एकदम बंदी घातली होती. असे मिश्रण घेणाऱ्या विद्यार्थ्याचे औषध तिकडे गेल्यावर बदलणारच. ते निघण्याच्या दोन-तीन महिने आधी, आपल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली बदलले तर त्रास झाला तरी तो घरी होतो.

इन्सुलिनचा मुद्दा मला सगळ्यांत गंभीर वाटतो, आणि त्यावर बोलले जाते सगळ्यांत कमी. भारतात कुपीतले इन्सुलिन अजूनही मोठ्या प्रमाणावर यू-४० ताकदीचे असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि त्याची सिरिंज वेगळी असते. ब्रिटनने १९८३ सालीच यू-१०० स्वीकारले. अमेरिकेतही कुपी आणि सिरिंज सहसा यू-१०० च्याच असतात. आपली जुनी सिरिंज तिथल्या कुपीत घातली तर अडीच पट इन्सुलिन शरीरात जाते. वसतिगृहाच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते. पेन आणि त्याची कार्ट्रिज सहसा १०० च्या ताकदीची असतात. कुपी वापरणाऱ्याने निघण्याआधी पेनवर यावे, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. आणि इन्सुलिन केबिनमधल्या बॅगेतच न्यावे. विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठू शकते, आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. द्रवपदार्थांच्या १०० मिलिलिटरच्या मर्यादेतून आवश्यक औषधांना सूट आहे.

किती न्यावे: दोन बाजू

घराघरांत खरा वाद याच मुद्द्यावर होतो. पालकांचे म्हणणे असते, वर्षाची औषधे भरून द्यावीत. त्यामागे नुसती माया नाही, हिशेबही आहे. आपल्याकडे औषध स्वस्त आहे. तिकडे डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे लागतात, अमेरिकेत नुसत्या भेटीचे बिल घाबरवणारे असू शकते. शिवाय थायरॉईड आणि फिट्सच्या औषधांत एकाच कंपनीची गोळी चालू ठेवावी, असा सल्ला अनेक डॉक्टर देतात. त्यामुळे ब्रँड बदलण्याची भीती अगदीच निराधार नाही.

दुसऱ्या बाजूला परदेशातली विद्यापीठांची आरोग्य केंद्रे आणि प्रवासवैद्यकाचे डॉक्टर आहेत. पहिल्या तीन महिन्यांचे औषध आणा आणि आल्या आल्या इथल्या डॉक्टरकडे नाव नोंदवा, हा त्यांचा आग्रह. कायद्याची मर्यादा हे एक कारण झाले. वैद्यकीय कारण अधिक वजनाचे आहे. थायरॉईडची मात्रा रक्ततपासणीवर ठरते. मनोविकारावर दिल्या जाणाऱ्या लिथियमची पातळी ठरावीक काळाने बघावीच लागते. वर्षाचा साठा जवळ असला की ना तपासणी होते, ना डॉक्टरची भेट, आणि काही बिघडले तर त्या देशातल्या एकाही डॉक्टरकडे मुलाची नोंद नसते.

पैशाच्या हिशेबातही पालकांना सगळे ठाऊक असते असे नाही. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरून घेतला जातो. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड पडतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तेही नाहीत. आणि औषध लागणारा मधुमेह, थायरॉक्सिन घ्यावे लागणारा थायरॉईडचा आजार, कायम औषध लागणारी अपस्मारासारखी स्थिती असेल तर इंग्लंडमध्येही सूट-प्रमाणपत्रावर औषधे मोफत मिळतात. म्हणजे ज्या थायरॉईडच्या गोळ्यांनी इकडून बॅग भरली जाते, त्यांचे पैसे अधिभारातून एकदा देऊन झालेले असतात. जर्मनीत तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक आरोग्य विम्याचा आधार असतो. अमेरिकेत चित्र विस्कळीत आहे. मेटफॉर्मिनसारखी जुनी औषधे मोठ्या दुकानसाखळ्यांत महिन्याला काही डॉलरमध्ये मिळतात. महाग पडते ती डॉक्टरची भेट आणि नवे, पेटंटमधले औषध.

मला यात पालकांची बाजू अर्धी पटते. नव्वद दिवसांचे औषध ही मर्यादा पाळावीच. पण पहिली भेट कधी मिळेल याची हमी न देता ‘इथे येऊन डॉक्टर बघा’ असे सांगणे अपुरे आहे. भेट दहाव्या आठवड्यात मिळाली, त्या डॉक्टरने तज्ज्ञाकडे पाठवले आणि तज्ज्ञाची तारीख पाचव्या महिन्यातली निघाली, तर मधल्या काळात मुलाने काय घ्यायचे?

याचे उत्तर अनेक घरे पार्सलने देतात, आणि इथेच बऱ्याच जणांची गफलत होते. सोबत नेण्याचा नियम आणि टपालाने मागवण्याचा नियम हे दोन वेगळे नियम आहेत. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरून खासगी व्यक्तीला टपालाने औषध मागवता येत नाही. परदेशातून औषध मागवणे अमेरिकेतही सर्वसाधारणपणे बेकायदा धरले जाते. काही वेळा कानाडोळा होतो, पण त्याच्या भरवशावर फिट्सचे औषध ठेवता येत नाही. ऑस्ट्रेलियाची प्रवाशांना असलेली सूट सोबत आणलेल्या औषधालाच आहे. दुसरा मार्ग, तिकडे निघालेल्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवणे, याहून धोक्याचा. २०१९ साली मुंबईच्या एका दाम्पत्याने नातेवाइकाने दिलेले पाकीट विश्वासाने सोबत नेले. दोह्यात त्यात चरस सापडला आणि निर्दोष ठरून परत यायला २०२१ उजाडले. तिथे औषध नव्हते हे खरे, पण दुसऱ्याच्या नावाच्या गोळ्या स्वतःच्या बॅगेत नेणाऱ्यालाही कायदा आधी प्रश्न विचारतो, ओळखपाळख नंतर पाहतो.

सांगावे की झाकावे

दुसरा मोठा मतभेद आजार उघड करण्याविषयी आहे. मानसिक आजाराच्या बाबतीत तो तीव्र होतो. झाकावे असे म्हणणाऱ्यांची कारणे पोकळ नाहीत. प्रवेश, व्हिसा, विमा यांवर परिणाम होईल ही भीती आहे. पुढे लग्न जमवताना ही गोष्ट निघेल, ही त्याहून मोठी. काही कुटुंबे ‘तिकडे वातावरण बदलेल, बरे वाटेल’ म्हणून निघण्याआधी औषधच बंद करतात. मनोविकारतज्ज्ञ याच्या ठाम विरोधात आहेत, कारण स्थलांतराचे पहिले महिने हाच आजार उलटण्याचा काळ असतो: झोपेची वेळ बदललेली, एकटेपणा, परीक्षा, थंडीतले लहान दिवस.

उघड करावे असे म्हणणारे दाखवून देतात की प्रवेश देणारा विभाग, अपंगत्व-साहाय्य विभाग आणि आरोग्य केंद्र यांच्या नोंदी परदेशी विद्यापीठांत सहसा वेगळ्या असतात. आरोग्य केंद्राला सांगितलेले प्राध्यापकापर्यंत जात नाही. परीक्षेत जादा वेळ, सुट्टीची सवलत यांसाठी नोंद असावी लागते. विम्याच्या बाबतीत तर लपवण्याने नुकसानच होते, कारण माहिती दडवली म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. भारतात घेतलेल्या स्वस्त विद्यार्थी-प्रवास विम्यांत आधीपासूनचे आजार अनेकदा वगळलेले असतात. ऑस्ट्रेलियातल्या सक्तीच्या विद्यार्थी विम्यात आधीपासूनच्या आजारासाठी बारा महिन्यांची प्रतीक्षा असते, मानसिक आजारासाठी दोन महिन्यांची. ही कलमे विमा घेताना वाचली जात नाहीत, आजारी पडल्यावर वाचली जातात.

माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, एका अटीवर. कोणाला सांगायचे हे मुलाने ठरवावे. सज्ञान मुलीच्या औषधाविषयी तिच्या विभागप्रमुखाला आईवडिलांनी परस्पर ईमेल करणे, हा काळजीचा योग्य मार्ग नव्हे.

सगळ्यांत अवघड: एडीएचडी

या प्रश्नातल्या सगळ्या गाठी एडीएचडीच्या औषधात एकत्र येतात. भारतात मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या परिशिष्ट एक्समध्ये आहे: प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो, आणि सगळी दुकाने हे औषध ठेवतही नाहीत. त्यामुळे तीन महिन्यांचा साठा जमवणे इथेच कठीण. तिकडे पोचल्यावर भारतातले निदान मान्य होईलच असे नाही. मोठेपणी, दोन भेटींत झालेले निदान असेल तर परदेशातला डॉक्टर पुन्हा सविस्तर तपासणी मागतो. ब्रिटनच्या सरकारी व्यवस्थेत त्या तपासणीची प्रतीक्षा फार लांबते. औषध लिहून मिळाले तरी ते दुकानात असेल याची खात्री नसते: अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲम्फेटामिनच्या मिश्र क्षारांचा तुटवडा अधिकृतपणे जाहीर झाला, आणि ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये एडीएचडीच्या औषधांच्या टंचाईची राष्ट्रीय सूचना निघाली.

नियंत्रणाचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे इथे ऐकण्यासारखे आहे. उत्तेजक औषधे परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांमध्ये हातोहात फिरतात; कडक तपासणी केवळ अविश्वासापोटी होत नाही. रुग्णांच्या बाजूने बोलणारे विचारतात, की ज्याला खरोखर गरज आहे त्याने त्याची किंमत पहिल्या सत्राच्या निकालात का मोजावी? तडजोड म्हणून काही डॉक्टर निघण्याआधी ॲटोमॉक्सेटिनवर आणून पाहतात. ते नियंत्रित नाही. पण त्याचा परिणाम दिसायला आठवडे लागतात आणि सगळ्यांना ते लागूही पडत नाही.

फिट्सच्या औषधांतही असा पेच आहे, थोड्या वेगळ्या कारणाने. व्हॅल्प्रोएट आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. मुख्यतः गर्भावर होणाऱ्या गंभीर परिणामांमुळे ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून पंचावन्नच्या आतल्या स्त्री-पुरुषांना ते नव्याने सुरू करायचे तर दोन तज्ज्ञांची संमती आवश्यक केली आहे. व्हॅल्प्रोएटवर असलेली तरुणी तिकडे पोचली की तिच्या औषधाचा फेरविचार होणारच, हे तिला आणि तिच्या इथल्या डॉक्टरांना आधी माहीत असावे.

वैद्यांची औषधे

आयुर्वेदिक चूर्णे, काढे, भस्मे ‘नैसर्गिक’ म्हणून मोजणीत धरली जात नाहीत. सीमाशुल्क खाते ती धरते. ऑस्ट्रेलियात वनस्पतिजन्य वस्तू जैवसुरक्षेच्या नियमांतही येतात. भस्मांची शंका निराधार नाही: २००८ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा शिसे, पारा किंवा अर्सेनिक असलेला निघाला. घटक छापलेले नाहीत ती पुडी न्यूच नये, मग ती कितीही विश्वासू वैद्यांनी दिलेली असो.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न जागतिक आहे. एका नमुन्याचे, सगळीकडे चालणारे वैद्यकीय प्रमाणपत्र हवे, ही मागणी मार्गदर्शक तत्त्वांनंतर वीस वर्षे उलटली तरी पूर्ण झालेली नाही. युरोपातल्या शेंगेन देशांनी आपसांत तीस दिवसांचे असे प्रमाणपत्र चालवून दाखवले आहे, त्यामुळे ते अशक्य आहे असे म्हणता येत नाही. विरोध करणारे बनावट कागदांकडे बोट दाखवतात. प्रमाणपत्र खरे की खोटे हे तपासणारी सामायिक नोंद कोणी ठेवायची आणि रुग्णाची माहिती किती देशांना दिसू द्यायची, यावर एकमत नाही.

दुसरा प्रश्न आपला आहे. भारताच्या दूरवैद्यक सेवेच्या मार्गदर्शक सूचना २५ मार्च २०२० ला आल्या. भारताच्या हद्दीबाहेरचा सल्ला त्यांच्या कक्षेत येत नाही, आणि परिशिष्ट एक्समधली तसेच अमली पदार्थ कायद्यातली औषधे दूरसल्ल्याने लिहूनच देता येत नाहीत. प्रत्यक्षात मेलबर्नमधून पुण्याच्या डॉक्टरांना रात्री फोन होतच असतात. डॉक्टर धीर देतात, मात्राही सांगतात. पण त्यांची चिठ्ठी तिथल्या दुकानात चालत नाही आणि काही बिघडले तर जबाबदारी कोणाची, हे ठरलेले नाही.

तिसरा प्रश्न त्या मधल्या महिन्यांचा. नव्वद दिवस संपल्यावर, तिथल्या डॉक्टरची पहिली चिठ्ठी हातात पडेपर्यंत, औषध अखंड राहील हे कोणी बघायचे? विद्यापीठे विद्यार्थ्याकडे बोट दाखवतात, सल्लागार संस्था शुल्क घेऊन मोकळ्या होतात, डॉक्टरांना मूल कुठे चालले आहे हे निघण्याच्या आठवड्यात कळते. माझ्या मते पहिली जबाबदारी प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाची आहे. वर्षाला लाखो रुपये शुल्क घेणारी संस्था प्रवेशपत्रासोबत आरोग्य केंद्राच्या पहिल्या भेटीची तारीख देऊ शकते. तोवर मात्र हे काम घरालाच करावे लागणार आहे.

ज्यांचे विमान ऑगस्टमध्ये आहे त्यांनी मे संपण्याआधी आपल्या डॉक्टरांना देश आणि शहर सांगावे. ते औषध तिथे मिळते का, नियंत्रित यादीत आहे का, हे त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहावे; मित्राच्या सांगण्यावर राहू नये. बदल करायचा असेल तर तो जूनमध्ये करावा. पत्राच्या दोन छापील प्रती आणि एक मोबाइलमध्ये ठेवावी. आणि आरोग्य केंद्राची पहिली भेट इथूनच, तिकिटासोबत नोंदवावी. पोचल्यानंतर सहा आठवड्यांच्या आतली तारीख मागावी, म्हणजे तज्ज्ञाकडे जावे लागले तरी हाताशी दीड महिन्याचे औषध उरते.